मुस्लिम स्त्री आणि व्यापार : इतिहासाची काही पाने

आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणाविषयी एके काळी जी उदासीनता होती ती आता पुष्कळ अंशी ओसरली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मुलगी शाळेत जाते, पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, पदवीही घेते. ती शिक्षिका किंवा परिचारिका झाली तर घरचे चारचौघांत अभिमानाने सांगतात. परंतु हीच मुलगी जर म्हणाली, की मला स्वतःचा धंदा काढावयाचा आहे, तर घरात क्षणभर शांतता पसरते. भांडवल कोण देणार, बाजारात कोण जाणार, उधारी कोण वसूल करणार, लोक काय म्हणतील, असे प्रश्न एकामागून एक येतात. आणि सर्वांत शेवटचा प्रश्न त्या मुलीच्याच मनात उभा राहतो : मला हे जमेल का?

ही शंका तिच्या स्वभावातूनच आली आहे असे आपण समजतो, आणि बाईमाणसाचे काळीज लहान असे म्हणून मोकळे होतो. इतिहासाची पाने चाळली तर मात्र वेगळीच गोष्ट दिसते. जिथे माल स्त्रीच्या मालकीचा होता, त्याचा हिशेब तिला कळत होता आणि तिचा शब्द बाजारात चालत होता, तिथे तिने मोठमोठे व्यवहार केले. जिथे तिचे नाव वहीतून गळाले, तिथे ही शंका शिरली. प्रस्तुत लेखात अशी काही उदाहरणे पालकांपुढे आणि विद्यार्थिनींपुढे ठेवावयाची आहेत.

मक्केतील एक व्यापारी

मक्का हे शेतीचे गाव नव्हते. आजूबाजूला खडकाळ डोंगर आणि वाळवंट. धान्यही बाहेरून आणावे लागे. कुरैश घराण्यांचा चरितार्थ काफिल्यांवर चाले. हिवाळ्यात काफिला यमनकडे जाई, उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे सीरियाकडे. वाटेत लुटारू, पाण्याची टंचाई आणि परक्या बाजारातील भावाची अनिश्चितता. अशा धंद्यात हजरत खदीजा बिन्ते खुवैलिद (र.) यांचे नाव मोठे होते. त्या कुरैशांच्या असद घराण्यातील. दोनदा वैधव्य आलेले. त्यांची सचोटी आणि शील पाहून लोक त्यांना 'ताहिरा' म्हणत.

त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत. विश्वासू माणसाच्या हाती त्या माल सोपवीत आणि नफ्यातील हिस्सा आधी ठरवीत. या पद्धतीला पुढे इस्लामी कायद्यात मुदारबा हे नाव मिळाले. तिचे तत्त्व सोपे आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा झाला तर ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावयाचा. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाशिवाय तोटा आला तर भांडवलवाल्याचे भांडवल बुडते आणि काम करणाऱ्याचे श्रम वाया जातात. यात व्याजाचा संबंध येत नाही. मात्र अशा व्यापारात भांडवलवाल्याला एक गुण अवश्य लागतो. तो म्हणजे माणसाची पारख. शेकडो कोस दूर आपला माल कोण विकतो आहे, कसा विकतो आहे, हे मक्केत बसून ओळखता आले पाहिजे.

ही पारख खदीजा (र.) यांच्याजवळ होती. पंचवीस वर्षांच्या मुहंमद (स.) यांचा प्रामाणिकपणा मक्केत सर्वांना माहीत होता. त्यांच्या हाती माल देऊन खदीजांनी त्यांना शामकडे पाठविले. परंतु नुसत्या लौकिकावर त्या विसंबल्या नाहीत. मैसरा नावाचा आपला सेवकही बरोबर दिला. काफिला परतला. व्यापारात चांगला लाभ झाला होता, आणि प्रवासातील वागणुकीची सर्व हकीकत मैसराने सांगितली. त्यानंतर विवाहाचा विचार खदीजांनी स्वतः, नफीसा या मैत्रिणीमार्फत, मांडला. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. काही कथनांत ते अठ्ठावीस दिले आहे.

या घटना आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पण पुढे सुमारे पंधरा वर्षांनी, इ. स. ६१० च्या सुमारास, जे घडले त्याचा या व्यापाराशी असलेला संबंध आपल्या सहसा लक्षात येत नाही. हिरा गुहेत पहिला दैवी संदेश आला तेव्हा पैगंबर (स.) थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला, असे ते म्हणाले. आपल्याला काय झाले, याची भीती त्यांनी पत्नीजवळ बोलून दाखविली. आता खदीजा (र.) यांनी काय केले ते पाहावे. सर्व काही ठीक होईल, एवढेच सांगून त्या थांबल्या नाहीत. तुम्ही नातेवाइकांशी संबंध राखता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्यांचा सत्कार करता, संकटात सापडलेल्यांना मदत करता. अशा माणसाला अल्लाह कधी एकटा टाकणार नाही, अशा आशयाचे त्यांचे बोलणे हदीसमध्ये नोंदलेले आहे. म्हणजे त्यांनी पतीच्या सत्कृत्यांची जणू वहीच उघडून वाचली. जे घडून गेले आहे त्याच्या आधारावर पुढचा भरवसा धरावा, हा अनुभवी व्यापाऱ्याचा रिवाज. मग त्या पतीला जाणत्या वरका बिन नौफल यांच्याकडे सल्ल्यासाठी घेऊन गेल्या.

शंका कशी दूर करावी, याचा याहून चांगला धडा कोणता? धीराचे दोन शब्द लागतातच, पण त्या शब्दांना कामाचा आधार असावा लागतो. आणि ज्या गोष्टीतले आपल्याला कळत नाही तिच्यासाठी जाणत्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. पुढे कुरैशांनी बहिष्कार टाकला त्या काळात खदीजांची संपत्ती खर्ची पडली, आणि इ. स. ६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. ते वर्ष इस्लामच्या इतिहासात दुःखाचे वर्ष म्हणून ओळखले जाते.

दारात थांबलेल्या दोघी

खदीजा (र.) धनवान होत्या, सामान्य स्त्रीचे काय, असे कोणी विचारील. मदीनेतील हजरत अब्दुल्ला बिन मसऊद (र.) यांच्या पत्नी जैनब (र.) यांची हकीकत त्यासाठी वाचण्याजोगी आहे. त्या हातच्या कारागिरीवर कमावीत आणि त्या कमाईतून पती व पदरी असलेली अनाथ मुले यांचा खर्च चालवीत. आपण घरातल्याच माणसांवर खर्च करतो, मग याचे पुण्य आपल्याला मिळते की नाही, ही शंका त्यांच्या मनात आली. विचारण्यासाठी त्या पैगंबरांच्या (स.) दारी गेल्या, तो तिथे अन्सारांपैकी आणखी एक बाई हाच प्रश्न घेऊन उभी होती. दोघींनाही आत जाण्याचा धीर होईना. हजरत बिलाल (र.) बाहेर आले तेव्हा त्यांच्यामार्फत प्रश्न पाठविला आणि आमची नावे मात्र सांगू नका, अशी विनंती केली. आत पैगंबरांनी (स.) विचारले, की त्या कोण आहेत. एकीचे नाव जैनब आहे असे कळताच, कोणती जैनब, हेही त्यांनी विचारून घेतले. मग उत्तर दिले, की तिला दुप्पट पुण्य आहे. एक नाते जपल्याचे आणि दुसरे दानाचे.

ही छोटीशी गोष्ट आहे, पण तिच्यात पुष्कळ काही आहे. कमावणारी बाई आपल्या कमाईबद्दलच साशंक होती. आपले नावही सांगू नये असे तिला वाटले. तिचे नाव विचारले गेले, नीट ओळखले गेले, आणि मग तिच्या श्रमाची किंमत सांगितली गेली. आपल्याकडे घरोघरी शिवणकाम करून, लोणची-पापड विकून संसाराला हातभार लावणाऱ्या किती तरी भगिनी 'मी काही विशेष करीत नाही' असे म्हणतात. त्यांना ही हकीकत अवश्य सांगावी.

उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (र.) याही हाताने काम करीत, कातडी कमावीत आणि येणारे पैसे दान करीत. शिफा बिन्ते अब्दुल्ला (र.) या लिहिता-वाचता येणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. त्यांनी हजरत हफ्सा (र.) यांना लिहिणे शिकविले, आणि हजरत उमर (र.) यांनी मदीनेच्या बाजाराचे काही काम त्यांच्याकडे सोपविले होते असे जुन्या चरित्रग्रंथांत आहे. अक्षरओळख आणि बाजार यांची सांगड तेव्हापासूनची आहे.

सुरतेची जहाजे

आता आपल्या देशाकडे वळू. सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे मोठे बंदर होते. हजचे यात्रेकरू आणि तांबड्या समुद्रातील व्यापाराचा माल एकाच जहाजाने जाई. जहांगीर बादशहाची आई मरियम-उज-जमानी ही जन्माने आमेरची राजपूत कन्या. तिच्या मालकीचे 'रहीमी' हे जहाज त्या काळी समुद्रावरील अत्यंत मोठ्या हिंदी जहाजांपैकी एक होते. तिचे मुनीम बयानाच्या प्रसिद्ध निळीची खरेदी करीत, आणि इंग्रज व्यापाऱ्यांना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागे. १६१३ साली पोर्तुगीजांनी त्यांचाच परवाना जवळ असतानाही हे जहाज सुरतेजवळ पकडले. त्यावर जहांगीरने पोर्तुगीजांचा व्यापार थांबविला आणि दमणला वेढा देण्यासाठी सैन्य धाडले. एका स्त्रीच्या मालाला हात लागला म्हणून दोन सत्तांमध्ये लढाई जुंपली.

नूरजहान बेगमही व्यापारात होती. आग्र्याजवळ यमुनापार येणाऱ्या मालावरची जकात तिचे अधिकारी वसूल करीत. शहाजहानची कन्या जहानआरा हिला सुरतेचे उत्पन्न मिळत असे आणि तिचे 'साहिबी' नावाचे जहाज होते. त्या जहाजातून दरवर्षी मक्केच्या गरिबांसाठी तांदूळ पाठवावा, असा हुकूम तिने १६४३ मध्ये दिला होता. दिल्लीचा चांदणी चौकही तिनेच वसविला.

या बेगमांच्या पाठीशी बादशाही फौज होती, हे खरे. त्यांची बरोबरी आपल्या घरच्या मुलीशी करणे योग्य होणार नाही. परंतु एक गोष्ट या ठिकाणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्या पडद्यात राहत होत्या. तरीही माल त्यांचा होता, शिक्का त्यांचा होता आणि मुनीम त्यांना हिशेब देत होता. पडद्यामुळे स्त्रीला व्यापार करता येत नाही, हे म्हणणे निदान इतिहासाला धरून नाही.

वहीतून गळालेले नाव

मग आपल्या घरांतून हे सामर्थ्य गेले कसे? कुरआन शरीफच्या सूर-ए-निसामध्ये मुलीचा वारसाहक्क सांगितला आहे, आणि स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क असल्याचेही सांगितले आहे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानण्यास १८७० आणि १८८२ चे कायदे व्हावे लागले. म्हणजे तत्त्व आपल्याकडे बारा शतके आधीपासून होते. पण तत्त्व आणि व्यवहार यांमध्ये रूढी आडवी आली.

याचे एक बोलके उदाहरण आपल्या मुंबईतील आहे. १८४७ साली खोजा आणि मेमन समाजातील काही मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुरआनप्रमाणे हिस्सा मिळावा म्हणून मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. या दोन्ही जमाती व्यापारात पुढारलेल्या होत्या. पेढ्या, गोदामे, गलबते असलेल्या. न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी निकाल दिला, की या जमातींत मुलींना वारसा न देण्याची रूढी आहे आणि तीच चालेल. मुली हरल्या. पुढे १९३७ साली शरियत कायदा झाला तेव्हा अशा रूढींचे बळ कायद्याने मोडले. तरी शेतजमीन त्या कायद्याने मूळात वगळलेलीच ठेवली. आजही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना किती भाऊ मनाला विचारतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

कष्टकरी घरांची कथा आणखी निराळी. सोलापूर, संगमनेर, सिन्नर, निपाणी या भागांत हजारो स्त्रिया विड्या वळतात. मालेगाव-भिवंडीत मागासाठी कांड्या भरतात. लखनौच्या चिकनचे टाके घरातल्या बायकाच घालतात. यांच्या बोटांतील कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु कच्चा माल ठेकेदाराचा, भाव त्याचा, माल चांगला की खराब हे ठरविणारा तोच. जिला आपल्या वस्तूची बाजारातली किंमतच कधी कळली नाही, तिला आपली किंमत तरी कुठून कळणार? तिच्या आत्मविश्वासाच्या अभावाचे मूळ इथे आहे.

खाट, शेगडी आणि पाटी

हे मूळ उपटता येते, याचीही उदाहरणे आहेत, आणि ती फार जुनी नाहीत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडले. कोणीही म्हणाले असते, की हे बायकांचे काम नव्हे. त्यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसातही काम चालू राहिले. 'लिज्जत'चा पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या मनात शंका आली नसेल असे नाही. पण अडचण पापड वाळण्याची होती, आणि तिच्यावर उपाय सापडला.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना स्थापन केली. भाजीवाल्या, गाडीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या, आणि बँका त्यांना दारात उभ्या करीत नव्हत्या. तेव्हा १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. नोंदणीच्या वेळी अडचण आली, की प्रवर्तक बायकांना सही येत नाही. त्या बायका रात्रभर बसून आपले नाव लिहावयास शिकल्या आणि नोंदणी अधिकाऱ्यापुढे त्यांनी सह्या केल्या. ज्या खातेदारांना सही येत नव्हती त्यांच्यासाठी एक साधी युक्ती काढली : हातात खातेक्रमांक लिहिलेली पाटी धरून बाईचा फोटो काढावयाचा आणि तो पासबुकात लावावयाचा. ज्यांना बँकेची पायरी चढण्याची भीती वाटे, त्यांचा चेहराच त्यांची सही झाला.

याच अहमदाबादच्या दरियापूर भागात मिलच्या चिंध्या शिवून गोधड्यांच्या खोळी तयार करणाऱ्या बायका होत्या. त्यांत बहुसंख्य मुसलमान. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मजुरी वाढवून मागितली तेव्हा त्यांचे काम बंद करण्यात आले. मग 'सेवा'च्या मदतीने त्यांनी स्वतः चिंध्या विकत घेतल्या, खोळी शिवल्या, विकल्या आणि पुढे आपली सहकारी मंडळी उभी केली. घराबाहेरच्या व्यवहाराची सवय नसलेल्या या भगिनी खरेदी, भाव आणि नफा यांच्या भाषेत बोलू लागल्या. आधी धीर आला आणि मग काम झाले, असे घडले नाही. काम करता करता धीर आला.

आपण काय करावे

या इतिहासातून पालकांनी आणि विद्यार्थिनींनी काही गोष्टी मनाशी धराव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट नावाची. मुलीच्या नावाने बँकेत खाते काढावे आणि पासबुक तिच्याच हाती द्यावे. मेहरची रक्कम कागदावर न ठेवता तिच्या हाती पडावी. ती तिची स्वतःची संपत्ती आहे आणि धंद्याचे पहिले भांडवल होऊ शकते. वारशाचा हिस्सा मागावा लागू नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची. नुसते नाव पुरत नाही. सवलत मिळते म्हणून दुकानाची नोंदणी पत्नीच्या नावाने करावयाची आणि तिला गल्ल्याकडे फिरकूही द्यावयाचे नाही, असे प्रकार आपल्यात आहेत. ही फसवणूक सरकारची जितकी, तितकीच त्या स्त्रीची. शाळकरी मुलीला घरखर्चाची वही लिहू द्यावी. कापड किती लागले, धागा किती, वेळ किती गेला, विक्री किती झाली, हे जी रोज लिहिते तिला 'जमेल का' हा प्रश्न स्वतःच्या वहीला विचारता येतो. तोटा झाला तर तो का झाला, हेही त्याच वहीत सापडते.

तिसरी गोष्ट भांडवलाची. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे. ज्यांना व्याजाचा प्रश्न अडवितो त्यांच्यापुढे हजरत खदीजांच्या (र.) भागीदारीचा मार्ग आहेच. समाजातील धनवानांनी नफ्या-तोट्यात सहभागी होऊन चार होतकरू मुलींच्या कामात पैसा घालावा. जकात आणि शिष्यवृत्ती आपण देतोच, भागीदारीही द्यावी. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, भागीदाराची जात नाही.

विद्यार्थिनींना एवढेच सांगावेसे वाटते, की मनातील शंका पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. ती दारात थांबलेल्या जैनब (र.) यांच्याही मनात होती. थोड्या मालाने सुरुवात करा, दर ठरवून सांगा, उधारी लिहून ठेवा, कळत नसेल ते जाणत्याला विचारा. आणि पालकांना विनंती ही, की मुलगी घाबरून तुमच्याजवळ आली तर तिला नुसते 'घाबरू नकोस' म्हणू नका. तिने आजवर काय काय केले आहे ते तिला एकेक करून आठवून द्या. उम्मुल मोमिनीनची हीच सुन्नत आपल्या घराघरांत जिवंत राहो.